रिकामी नोंद

१

आवाज मोजणं हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आपल्या बायकोचं नाव पुढे करतात. "आमच्या हिचा मोजा एकदा!" मोजणाऱ्याला या विनोदाचा आता कंटाळासुद्धा येत नसे. तो हसल्यासारखं करायचा आणि तिपाई उघडायला लागायचा.

तो ज्या संस्थेत होता ती घरगुती वस्तूंची तुलना करून पत्रिका छापायची. कुठला मिक्सर टिकतो, कुठली गादी पाठ मोडते, असलं सगळं. या खेपेला विषय होता घर गरम आणि थंड करणाऱ्या यंत्रांचा. खिडकीतला एसी, भिंतीवरचा स्प्लिट, गरम पाण्याचे रेडिएटर, नवा हीट पंप, आणि भिंतींतून पत्र्याचे बोगदे फिरवून खोल्याखोल्यांत हवा सोडणारी जुनी डक्टची यंत्रणा. पाच घरं, पाच यंत्रं. कुठलं किती कोकलतं ते कागदावर आणायचं.

पद्धत ठरलेली. खोलीच्या मधोमध तिपाई, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर मीटर, आकड्याबरोबर आवाजही टिपून ठेवणारा. आधी रिकामी नोंद घ्यायची. यंत्र बंद, खिडक्या बंद, घरातलं झाडून सगळं माणूस बाहेर, मोजणारा स्वतःसुद्धा बाहेर. दहा मिनिटं. मग यंत्र चालू करून पुन्हा दहा मिनिटं, तेव्हा तो कोपऱ्यात बसून राही. दुसऱ्या नोंदीतून पहिली वजा केली की उरतो तो निव्वळ यंत्राचा आवाज.

आता त्याच्या नाकाबद्दल सांगायला हवं, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. त्याचं नाक वाकडं होतं आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. ऑफिसात त्याला 'शिट्टी' म्हणूनच हाक मारत. कोपऱ्यात बसला की ती शिट्टी नोंदीत शिरायची. म्हणून त्याने स्वतःचा श्वास एकदा नीट टिपून ठेवला होता आणि लॅपटॉपला शिकवलं होतं, की कुठलीही नोंद आली की आधी हा माझा श्वास त्यातून पुसायचा, मग ती माझ्यापुढे ठेवायची. पुसून झालं की पडद्यावर एक चौकोन यायचा. इतका वेळ श्वास सापडला, इतका काढला. तो न वाचता 'ठीक' दाबायचा. रोजची गोष्ट, कोण वाचत बसतंय?

नाक वाकडं केलं होतं वडिलांनी. तो सात वर्षांचा होता. दुसरा फटका त्याच्यावर यायचा तो ताईने मध्ये पडून आपल्या पाठीवर घेतला होता. ताई तेव्हा तेरा वर्षांची. पुढे आई गेली, वडीलही गेले, आणि त्याला वाढवला तो तिनेच. नोकरीला लागला त्या दिवशी तिने एवढंच मागितलं होतं, "छोट्या, काही कर, पण कुणावर हात उगारू नकोस. बाबा आपल्याबरोबर संपले असं होऊ दे." त्याने तो शब्द आजवर पाळला होता. या जगात त्याला भीती होती ती एकाच गोष्टीची, ताईच्या वाट्याला आईसारखं येण्याची.

२

पाचवं घर ताईचंच होतं. वर्षापूर्वी घेतलं तेव्हापासून ती त्या डक्टपायी वैतागली होती.

"अरे, भिंतीत कुणी खोकतंय असं वाटतं रे," ती म्हणाली. "यांना काय, यांना ऐकूच येत नाही. तू छापून आण की हेच सगळ्यात वाईट आहे, म्हणजे तरी बदलतील."

भाऊजींचा उजवा कान गेलेला, डावा अर्धा. आयुष्यभर बस चालवलेली, इंजिनाशेजारी बसून. ऐकू येत नाही म्हणून बोलायचे तेही ओरडून. चहा हवाय हेसुद्धा भांडणासारखं ऐकू यायचं.

"या मेहुणेबुवा!" ते गरजले. "काल पेटी इथंच टाकून गेलात, आम्ही हात लावला नाही हो! लावला असता तर तुम्ही आमचाच आवाज मोजला असता!" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले.

पेटी म्हणजे मीटरची. आदल्या संध्याकाळी तो येऊन ठेवून गेला होता, सकाळी ओझं नको म्हणून.

ताई कपबशी द्यायला वाकली तेव्हा बाही वर सरकली. दंडावर काळंनिळं झालं होतं.

"हे काय?"

"ती वरची जाळी पडली," ती म्हणाली आणि बाही खाली ओढली. "डक्टची. पुसत होते."

त्याने वर पाहिलं. हवेच्या तोंडावरची लोखंडी जाळी जागच्या जागी होती. चारी कोपऱ्यांना स्क्रू होते. आईवरही असंच कायम काही ना काही पडत असायचं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने मीटरचं बटण दाबलं, दार ओढून घेतलं आणि तिघं अंगणात उभे राहिले. भाऊजी मोठमोठ्याने बागेतल्या नळाची गोष्ट सांगत होते. ताई त्यांना हळू बोला म्हणून खुणावत होती. दहा मिनिटं झाली. मग यंत्र चालू करून तो आत कोपऱ्यात बसला. जाळीतून गरम हवेचा झोत आला, पत्रा कुरकुरला, भिंतीत कुणीतरी खोकलं. खरंच तसं वाटायचं.

आकडे बघितले तेव्हा त्याने चष्मा पुसला. यंत्र चालू असताना अडतीस डेसिबल. रिकाम्या घरात सत्तेचाळीस.

३

असं होत नाही. यंत्र बंद असताना घर जास्त गोंगाट करत नाही. त्याने बॅटरी बदलली, मीटर तपासून घेतला, सगळ्यांना पुन्हा अंगणात काढलं. भाऊजींनी नळाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी रिकामी नोंद आली सव्वीस. शहाण्यासारखी.

म्हणजे पहिलीच चुकली होती. एखादा ट्रक गेला असेल, कावळा बसला असेल पत्र्यावर. भाऊजींचा आवाजही असू शकतो म्हणा, तो काय भिंतींना जुमानणारा नव्हे. तिपाई तिथेच ठेवून, वाटलं तर परत येतो सांगून तो ऑफिसात गेला. चुकलेली नोंद टाकून द्यायची एवढंच काम होतं. पण टाकण्याआधी ती ऐकायची, हाही नियमच. चूक कशाची होती ते लिहावं लागतं.

दुपारी ऐकायच्या खोलीत तो बसला. भिंतींना जाड स्पंज लावलेली ही छोटीशी खोली, आत शिरलं की स्वतःच्या पोटातलं पाणी ऐकू येतं. नोंद लॅपटॉपवर घेतली. श्वास पुसून झाल्याचा चौकोन आला. त्याने 'ठीक' दाबलं आणि हेडफोन चढवला.

आधी दार लागल्याचा खटका. मग बराच वेळ काही नाही.

मग मार.

दुसरं काही असूच शकत नव्हतं. ज्याच्या घरात लहानपणी रोज हे चालायचं, त्याला ते गादी झोडल्याच्या आवाजातून वेगळं काढता येतं. धप्प. थांबून धप्प. कुणीतरी खालच्या आवाजात कण्हलं. पाचव्या फटक्याला काहीतरी लोखंडी जमिनीवर पडलं, बराच वेळ गरगरत राहिलं आणि थांबलं. मग घाईघाईने तीन. मग एक, सावकाश, मापून घातल्यासारखा. नऊ झाले. मग बराच वेळ नुसती कुरतडल्यासारखी खरखर. त्या खरखरीत बाईमाणूस दोन शब्द काहीतरी बोललं, पण ते लागेनात. आणि मग पुन्हा सुरू. या वेळी मीटरच्या अगदी जवळ. "नको! नको ना! नको!" आणि पाच फटके. पाचव्यानंतर "नको" नव्हतं.

आवाज ताईचा होता.

त्याने हेडफोन काढला, पुन्हा चढवला. पुन्हा ऐकलं. एकूण चौदा.

तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्या लक्षात आलं की एक गोष्ट यात नाही. एवढं मारायचं म्हणजे माणूस धापा टाकतो. त्याने एकदा कुस्तीच्या आखाड्याचा आवाज मोजला होता, तिथे फटक्यापेक्षा श्वास मोठा ऐकू यायचा. इथे फटके होते, कण्हणं होतं, ताई होती. मारणाऱ्याचा श्वास नव्हता.

मारणारा श्वासच घेत नव्हता.

४

माणसाची बुद्धी मोठी लबाड. तिला जे नको असतं ते सोडून बाकी सगळं ती चोख सिद्ध करून देते.

रिकामी नोंद चालू होती तेव्हा ताई त्याच्या शेजारी अंगणात उभी होती. म्हणजे हे तेव्हाचं नाही. मग कधीचं? आदल्या संध्याकाळचं. पेटी रात्रभर त्याच घरात होती. धक्का लागून बटण दाबलं गेलं असेल, मीटरचं घड्याळ पुढे सरकलं असेल. झालं, जमलं की! नोंदीवर वेळ होती अकरा दहा, पण घड्याळाचं काय घेऊन बसायचं? आणि सुरुवातीला दार लागल्याचा तो खटका होता, त्याने स्वतः ओढलेल्या दाराचा. तो खटका त्याने तीनदा ऐकला आणि तीनदा न ऐकल्यासारखा केला.

त्याने ताईला फोन लावला.

"भाऊजी तुला मारतात?"

पलीकडे क्षणभर गप्प. मग ती हसली. "काय रे, डोकंबिकं फिरलं का तुझं? ते झुरळ मारत नाहीत, मला पाठवतात मारायला."

"दंडाला काय झालंय?"

"सांगितलं ना, जाळी पडली. काय छोट्या, तू पण!"

आईही हसायची. डॉक्टरांसमोर हसायची, शेजारणीसमोर हसायची. आई गेली त्याच्या आदल्या दिवशीही ती कुणाला तरी सांगत होती की न्हाणीघरात पाय घसरला. ताईच्या हसण्याआधी क्षणाची शांतता होती ना? होती. त्याने ती मोजली असती तर दीड सेकंद भरली असती.

ती रात्र त्याने खुर्चीत काढली. डोक्यात तीच मोजणी चालू होती. चार फटके, लोखंड, एक, तीन, एक. छे, चुकलं. पाचव्याला लोखंड. मग तीन, मग एक.

५

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो ताईच्या दारात उभा राहिला. घंटीवर बोट ठेवलं आणि आतून आवाज आला.

धप्प. धप्प.

दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत घुसला. तिपाई खोलीच्या मधोमध तशीच उभी होती. स्टुलावर भाऊजी चढले होते आणि डक्टच्या तोंडाशी पत्र्यावर हातोडी ठोकत होते. जाळी एका स्क्रूवर लोंबत होती. ताई कुठे दिसत नव्हती.

"ताई कुठंय?"

"काय?"

"ताई! कुठंय ताई?"

भाऊजी खाली उतरले. "झोपलीय!" ते ओरडले. "डोकं दुखतंय तिचं! उठवू नका!"

तो आतल्या खोलीकडे निघाला. भाऊजींनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. दुसऱ्या हातात हातोडी होती. चेहरा लाल झाला होता, घामाने म्हणा, नाहीतर कशाने. "अहो, सांगतोय ना! झोपू द्या तिला!"

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. खरं तर तिडीक हा शब्दही कमी पडेल. सात वर्षांचा असल्यापासून जे दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम हातात उतरलं. हातोडी केव्हा त्याच्या मुठीत आली ते त्याला कळलं नाही. पहिला फटका भाऊजींच्या खांद्यावर बसला. त्यांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं, हातवारे करून काहीतरी विचारलं. दुसरा कानावर, त्याच गेलेल्या कानावर. ते गुडघ्यावर आले. तिसरा. चौथा. आवाज लांबून येत होते, हेडफोनमधून आल्यासारखे.

पाचव्याला त्याचं कोपर लोंबत्या जाळीला लागलं. जाळी सुटली, जमिनीवर पडली, कडेवर उभी राहून गरगरत राहिली. बराच वेळ. मग थांबली.

तो थिजला. हे त्याने ऐकलं होतं. सगळं, अगदी याच क्रमाने. आता घाईघाईने तीन येतात, हे त्याला ठाऊक होतं. थांब, असं तो मनात म्हणाला, अगदी स्पष्ट म्हणाला. आणि हात तीनदा खाली गेला.

मग एक. सावकाश, मापून.

६

ताई आतल्या दारात उभी होती. डोक्याला ओढणी बांधलेली, एक हात तोंडावर. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने किंकाळी फोडली नाही, 'नको'ही म्हटलं नाही. ती सरळ येऊन भाऊजींजवळ बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला लागली. डोकं नीट घेता येत नव्हतं. तिने दोनदा प्रयत्न केला.

"ताई, तो तुला मारत होता," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं नाही.

"माझ्याकडे आहे. पुरावा आहे. नोंद आहे, ताई! तू कितीही लपव."

भाऊजी हलत नव्हते. जाळीच्या चार कोपऱ्यांपैकी तीन कोपऱ्यांची भोकं पार झिजून रुंद झाली होती, स्क्रू नुसते शोभेला होते. त्याने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. घाईने पाठीवरची बॅग उतरवली, लॅपटॉप तिपाईखाली जमिनीवर उघडला. एका हाताने करत होता. दुसऱ्यात हातोडी होती.

"ऐक. तू ऐकच. ऐकलंस की तुलाच कळेल मी का..."

घाईत त्याने पुसलेली नोंद उघडण्याऐवजी यादीतली तिच्यावरची उघडली. मूळची. मीटरमधून आली तशी, काहीही वजा न केलेली. ती त्याने कधीच ऐकली नव्हती.

दार लागल्याचा खटका. मग शांतता.

पण शांतता नव्हती ती. बारीक शिट्टी वाजत होती. आत घेताना वर, सोडताना खाली. मीटरच्या जवळ, अगदी जवळ. मग धप्प आणि शिट्टी. धप्प आणि शिट्टी, आता जोरात, धाप लागल्यासारखी.

ताईने मान वर केली. लहानपणी ती त्याच्या उशाशी बसून ही शिट्टी ऐकत असे. ती चालू आहे म्हणजे छोट्या झोपला, एवढ्यावर ती आपल्या अंथरुणात जाई. हा आवाज तिला कुणी सांगावा लागत नव्हता.

जाळी पडली, गरगरली, थांबली. तीन. एक.

"बंद कर," ती म्हणाली, इतक्या हळू की ओठच हलले.

त्याला बंद करायचं होतं. देवाशपथ करायचं होतं. पण बंद करण्यापेक्षा त्याला मोजायचं जास्त होतं, आणि मोजून झालं होतं. नऊ. नोंदीत चौदा होते. उरलेले पाच तिच्या "नको"नंतरचे होते, आणि ते "नको" तिने अजून म्हटलं नव्हतं.

"ताई, घराबाहेर जा," तो म्हणाला. "आत्ता जा. माझ्याकडे बघू नकोस, काही बोलू नकोस, पळ!"

ती उठली नाही. भाऊजींना सोडून ती कुठे जाणार होती? ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. आई वडिलांकडे बघायची तसं ती बघत होती, काही अपेक्षा न उरल्यासारखं.

लॅपटॉपमधली शिट्टी चालूच होती. कुरतडलेली ती जागा आली. आता ती कुरतडलेली नव्हती; तिथे त्याचं आत्ताचंच बोलणं होतं. श्वास पुसताना त्याच्याबरोबर हे बोलणं आणि ते दोन शब्दही पुसले गेले होते, ते शब्द इथे श्वासाच्या आडून स्वच्छ ऐकू आले, ताईच्या आवाजात.

"बाबा परवडले."

खोलीतली ताई अजून गप्प होती. त्याने हातोडी टाकून द्यायला मूठ उघडली. निदान त्याला वाटलं की उघडली. तिपाईच्या खाली लॅपटॉपमधून पहिलं "नको" आलं, आणि खोलीतल्या ताईचे ओठ त्या दोन शब्दांसाठी हलले.